भाताला युरियाचा हप्ता कधी द्यावा?

प्रश्न : लावणीला सगळा युरिया एकदम टाकतो. भात आधी हिरवंगार होतं, पण पोटरीआधीच पिवळं पडतं. काय चुकतं? (एक शेतकरी, संगमेश्वर)

उत्तर : लावणीच्या वेळी रोपाची मुळं धरलेली नसतात, त्यामुळे त्याला एवढं नत्र उचलता येत नाही. उरलेलं कोकणातल्या पावसात बांधावरून वाहून जातं, काही हवेत उडतं. म्हणून ४० टक्के नत्र चिखलणीला, ४० टक्के फुटवे फुटताना आणि २० टक्के लोंबी धरताना द्या.

शेवटच्या हप्त्यासाठी तारखेवर विसंबू नका. मुख्य फुटवा बुंध्याशी उभा चिरून बघा. आत एक-दोन मिलिमीटरचं पांढरं, लवदार टोक दिसलं की वेळ झाली. गरव्या जातीत हे उशिरा दिसतं, हळव्यात फार लवकर.

खत देण्याआधी खाचरातलं पाणी काढा, बेणणी उरका. युरिया चिखलावर पडू दे, दुसऱ्या दिवशी पाणी बांधा. आभाळ भरून आलं असेल तर थांबाच. दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

हे जमत नसेल तर चारसूत्री भातलागवड पद्धतीतल्या युरिया-डीएपी ब्रिकेट वापरा. लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. मग वरचे हप्ते लागत नाहीत.