कार्तिकातले वादळ आणि काळोखातले दिवस

दसऱ्यानंतर आकाश निवळू लागले की पावसाळा संपला असे मानून कोकणातील माणूस निश्चिंत होतो. पडवीला पावसासाठी बांधलेली झापे सोडली जातात, खळे चोपून सारवले जाते. हळवे भात कापून पडलेले असते, गरव्याच्या लोंब्या पिवळ्या पडत असतात. मच्छीमारांच्या होड्या तर नारळी पौर्णिमेपासूनच समुद्रावर असतात. नेमक्या याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत, अरबी समुद्रात चक्रीवादळांचा वर्षातील दुसरा हंगाम सुरू होतो. पहिला हंगाम मे-जूनमधला. त्या वेळी शाकारणी झालेली असते, लाकूडफाटा आत आलेला असतो आणि होड्या किनाऱ्याला लागलेल्या किंवा लागण्याच्या बेतात असतात. शरदातील वादळ मात्र बेसावध घरावर येते.

अशी वादळे महाराष्ट्राच्या किनाऱ्याला वरचेवर धडकत नाहीत. त्यातील बहुतेक ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे वळतात, काही समुद्रातच विरतात. त्यामुळे मागच्या वादळाची आठवण पुसट होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबई व उत्तर कोकणाला वादळाने झोडपले. त्यानंतर ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ मुंबई व अलिबाग यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. ही दोन्ही वादळे ऐन कार्तिकातली. ‘फयान’च्या वेळी रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील अनेक नौका समुद्रात होत्या, आणि त्यांतील काही परतल्या नाहीत.

वारा किती, हानी किती

ताशी ६२ किलोमीटरपासून पुढे वाऱ्याचा वेग गेला म्हणजे त्यास चक्रीवादळ ही संज्ञा मिळते. तो ८९ च्या पुढे गेल्यास तीव्र व ११८ च्या पुढे गेल्यास अतितीव्र चक्रीवादळ म्हणतात. हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठ किलोमीटरचा वारा एकशेवीसचा झाला तर छपरावरील दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. गेल्या वर्षीच्या वावटळीत टिकलेले पत्रे यंदाही टिकतील हा हिशेब म्हणूनच फसतो.

आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. वादळाचे केंद्र किनाऱ्यावर येते तेव्हा त्याच्या दक्षिणेकडील गावांवर समुद्राकडून वारा येतो आणि खाडीत पाणी चढते. उत्तरेकडील गावांत वारा जमिनीकडून सुटतो. केंद्र गावावरूनच गेले तर मध्येच वारा पडतो, क्वचित ऊनही दिसते. ही उसंत फसवी असते. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तेवढ्याच जोराने परततो. वारा पडला म्हणून छप्पर पाहावयास बाहेर पडलेला मनुष्य अशा वेळी उघड्यावर सापडतो.

खरी परीक्षा वाऱ्यानंतर

‘निसर्ग’ हे वादळ शरदातले नव्हे, ३ जून २०२० चे; परंतु वीज गेल्यावर गावाचे काय होते, याचा धडा त्याच्याइतका स्पष्टपणे दुसऱ्या कोणी दिलेला नाही. दुपारी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ते आले त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वारा काही तासांत ओसरला. मात्र श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या तालुक्यांतील कित्येक गावे पुढे अनेक दिवस अंधारात राहिली. काही वाड्यांना तर पंधरवड्याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागली.

आणि अंधार हा त्यातला लहान भाग. वीज गेली म्हणजे विहिरीवरील पंप थांबतो, नळयोजनेची टाकी रिकामी होते, पिठाची गिरणी बंद पडते. मोबाइल मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपते व गावाचा संपर्क तुटतो. पेट्रोल पंपही विजेवरच चालतो. बँकेचे यंत्र पैसे देत नाही, मोबाइलवरून पैसे चुकते करता येत नाहीत. एके काळी घरात कंदील होता, जाते होते, विहिरीवर रहाट होता. शिधापत्रिकेवरील रॉकेल आता बहुतेक ठिकाणी मिळेनासे झाले आहे आणि रहाट तर पंप बसवतानाच काढून टाकलेला असतो. ज्या घरी विहीर आहे पण पोहरा नाही, त्या घराला पाणी दिसते, मिळत नाही.

वीजपुरवठा इतके दिवस का खोळंबतो हेही समजून घेतले पाहिजे. कोकणातील वाहिन्या बहुतांशी खांबांवरून व झाडोऱ्यातून जातात. एक आंबा किंवा फणस तारेवर पडला की ताण येऊन शेजारचे खांबही वाकतात. खारा तुषार चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसून ठिणग्या उडतात. अलिबागसारख्या ठिकाणी तारा जमिनीखालून नेण्याचे काम हाती घेण्यात आले ते याचसाठी. पण डोंगरउतारावरील प्रत्येक वाडीपर्यंत ते पोचणे सोपे नाही. दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असतो. आधी उपकेंद्र व उच्चदाब वाहिनी, मग रुग्णालय व पाणीपुरवठा, त्यानंतर गावाचे रोहित्र आणि सर्वांत शेवटी लांबच्या टोकाची दहा-बारा घरे. यात कोणावर अन्याय नाही, परंतु टोकाच्या वाडीने आपली तयारी बाजारपेठेतील घरापेक्षा अधिक दिवसांची ठेवावी हे उघड आहे.

पूर्वतयारी

हवामान खात्याची सूचना चार टप्प्यांत येते. सुमारे ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी आणि १२ तास आधी लाल इशारा. समुद्रावरील माणसाने पहिल्याच सूचनेला परत फिरावे. बंदरावर बावटा चढण्याची वाट पाहू नये. कापलेले भात शेतात असेल तर ते आधी उचलावे. मळणी झाली नसली तरी चालेल, भारे बांधून उंच जागी नीट उडवी रचून झाकलेले भात वाचते.

घरात पहिली व्यवस्था पाण्याची. माणशी रोज चार-पाच लिटर तरी पिण्या-रांधण्याचे पाणी झाकून ठेवावे व वापरायचे पाणी पिंपात वेगळे भरावे. विहिरीवर रहाट, दोर व पोहरा बसवून घ्यावा. ग्रामपंचायतीने वादळाच्या आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरून तिची झडप बंद केली तर पुढचे दोन दिवस गावाला पाणी पुरवून वापरता येते. दळण आठवड्याचे आणून ठेवावे. औषधे, विशेषतः रक्तदाबाची व मधुमेहाची, पंधरा दिवसांची असावीत. फ्रीज बंद पडल्यावर इन्सुलिनची कुपी घट्ट बंद पिशवीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात सावलीत ठेवावी. घरात प्राणवायूच्या यंत्रावर असलेला रुग्ण असेल तर त्यास इशारा मिळताच तालुक्याच्या ठिकाणी हलविणे बरे. थोडी रोख रक्कम, विजेरी, सेल आणि ट्रान्झिस्टर हाताशी असावेत. मोबाइल मुका झाल्यावरही आकाशवाणी ऐकू येते.

घरावर झुकलेल्या फांद्या व वाळलेल्या झावळ्या आधीच उतरवाव्यात. तारेला टेकलेल्या फांदीला मात्र हात लावू नये. ती महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी वाहिनी बंद करूनच तोडावयाची असते. वारा वाढू लागताच मुख्य स्विच बंद करावा.

तुटलेली तार

वादळात न सापडलेला माणूस वादळानंतर दगावतो तो बहुधा तारेमुळे. गावात वीज नाही म्हणजे तारेत वीज नाही असे नव्हे. एका बाजूने तुटलेली तार दुसऱ्या बाजूने जिवंत असू शकते, आणि दुरुस्ती चालू असताना तीत केव्हाही प्रवाह सोडला जाऊ शकतो. तिच्याजवळील ओली जमीनही घातक ठरते. अशी तार दिसल्यास दुरूनच गुरे व मुले अडवावीत, जवळ आलेल्याने लांब टांगा न टाकता पाय जमिनीलगत घासत मागे सरावे आणि १९१२ या क्रमांकावर किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे. फोन चालत नसेल तर माणूस पाठवावा, पण तारेपाशी राखण ठेवूनच.

जनरेटर घराच्या आत किंवा बंद पडवीत लावू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. तो घरच्या वायरिंगला परस्पर जोडणे तर गुन्ह्यासारखेच आहे. कारण मुख्य स्विच चालू राहिला तर तीच वीज उलटी खांबावर जाते, आणि खांबावर तुमच्याचसाठी चढलेला वायरमन असतो.

वीज परत आली की सारी उपकरणे एकदम सुरू करू नयेत. आधी एक दिवा लावून दाब स्थिर आहे की नाही ते पाहावे. ओल्या भिंतीवरील बटणे कोरडी होईपर्यंत वापरू नयेत. पंपाची मोटार पाण्यात बुडाली असल्यास ती उघडून, वाळवून, वायरमनकडून तपासून घ्यावी. तोवर विहिरीवर रहाट आहेच.