वसंतातलं पहिलं फुलपाखरू येतं कुठून?

प्रश्न : मार्चच्या सुरुवातीला मी मुलीकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला होते. झाडांवर पान नव्हतं, सकाळी गवतावर पांढरं हिम असायचं, अंगातला कोट निघत नव्हता. एका दुपारी लख्ख ऊन पडलं आणि कुंपणाच्या कडेने एक पिवळंधम्मक फुलपाखरू उडत गेलं. शेजारच्या बाई आनंदाने म्हणाल्या, ‘‘आला वसंत!’’ मला मात्र कोडं पडलं. पानं नाहीत तर या फुलपाखराची अळी वाढली कशावर? एवढ्या थंडीत ते जगलं कसं? आणि आपल्याकडे वसंताची वर्दी देणारं असं पहिलं फुलपाखरू कोणतं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला दिसलेलं फुलपाखरू बहुधा ब्रिमस्टोन जातीचा नर असावा. दक्षिण इंग्लंडमध्ये फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात एवढं गडद पिवळं दुसरं फुलपाखरू सहसा दिसत नाही. याची मादी फिकट, हिरवट पांढरी असते आणि नरांच्या मागून काही दिवसांनी बाहेर पडते.

पानांचं कोडं तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. या फुलपाखराची अळी पानं खाऊनच वाढली होती, पण ती गेल्या वर्षीची पानं. ब्रिमस्टोन कोषातून बाहेर पडतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. तुम्ही पाहिलंत तेव्हा त्याचं वय सात-आठ महिन्यांचं होतं. बहुतेक फुलपाखरांचं पंख फुटल्यानंतरचं आयुष्य काही आठवड्यांतच संपतं. ब्रिमस्टोन मात्र दहा-अकरा महिने जगू शकतं. सगळे ज्याला वसंतातलं पहिलं म्हणतात, ते गेल्या उन्हाळ्यात जन्मून अख्खा हिवाळा काढलेलं फुलपाखरू असतं.

थंडीत ते जगतं कसं?

ब्रिटनमध्ये फुलपाखरांच्या साधारण साठ जाती आढळतात. त्यांतल्या बहुतेक जाती हिवाळा अळीच्या रूपात काढतात, काही अंड्याच्या आणि काही कोषाच्या. पंख असलेल्या पूर्ण वाढीच्या रूपात हिवाळा काढणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत : ब्रिमस्टोन, पीकॉक, स्मॉल टॉर्टॉइजशेल आणि कॉमा. अलीकडे दक्षिण भागात रेड ॲडमिरलही हिवाळा निभावून नेऊ लागलं आहे. त्यामुळे वसंतात सर्वांत आधी दिसण्याचा मान यांच्यापैकीच कुणाला तरी मिळतो.

ही फुलपाखरं उन्हाळ्याच्या अखेरीस फुलांवर भरपूर मकरंद पिऊन शरीरात चरबी साठवतात आणि मग आडोसा शोधतात. ब्रिमस्टोन आयव्हीच्या दाट, सदाहरित वेलीत शिरून पानाखाली बसतं. मिटलेल्या पंखांची कड टोकदार, त्यांवर पानासारख्या शिरा आणि रंग फिकट हिरवट, त्यामुळे पक्ष्यांना ते पानातून वेगळं काढता येत नाही. पीकॉक झाडाच्या ढोलीत किंवा अंधाऱ्या कोठारात जातं. तिथे उंदीर जवळ आला, तर ते पंखांवर पंख घासून फिस्कारल्यासारखा आवाज काढतं.

आता गोठण्याचा प्रश्न. अशा कीटकांच्या शरीरात थंडीच्या सुमारास ग्लिसरॉलसारखी द्रव्यं आणि काही शर्करा वाढतात. त्यांच्यामुळे शरीरातला द्रव शून्याखालच्या तापमानातही सहजासहजी गोठत नाही. हालचाल बंद असल्याने ऊर्जाही फार थोडी लागते. साठवलेली चरबी महिनोन्‌महिने पुरते ती त्यामुळेच.

उडायचं म्हटलं की मात्र ऊब हवी. फुलपाखराच्या छातीतले पंख हलवणारे स्नायू साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाहीत. बाहेर हवा जेमतेम १३ अंशांची असते. मग ही तूट ते उन्हातून भरून काढतं. पीकॉक उघड्या मातीवर किंवा दगडावर पंख पूर्ण पसरून बसतं. ब्रिमस्टोनची रीत वेगळी आहे. बसल्यावर ते पंख कधीच उघडत नाही. मिटलेले पंख घेऊन अंगाने एका बाजूला कलतं आणि पंखाची अख्खी बाजू सूर्यासमोर धरतं. मुलीला सांगा, पुन्हा दिसलं तर ते बसेपर्यंत थांबायचं आणि कलणं पाहायचं. ढग आला की ते गप्प बसतं, ऊन आलं की काही मिनिटांत उडतं. म्हणून तिथली जाणकार मंडळी अशी फुलपाखरं शोधायला साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान, वारा अडवणाऱ्या कुंपणाच्या दक्षिणेकडच्या बाजूला जातात.

एक व्यवहारातली गोष्टही सांगतो. स्मॉल टॉर्टॉइजशेलला हिवाळ्यासाठी माणसांची घरं आवडतात. ते माळ्यावर किंवा पडद्यामागे जाऊन बसतं आणि डिसेंबर-जानेवारीत घर गरम करणारी यंत्रणा सुरू झाली की वसंत आला असं समजून खिडकीशी फडफडू लागतं. त्या वेळी त्याला बाहेर सोडलं तर ते मरतं आणि उबदार खोलीत ठेवलं तर साठवलेली चरबी संपून मरतं. अलगद एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावं, ते खोकं थंड आणि कोरड्या अडगळीच्या खोलीत अर्धा तास ठेवावं. ते शांत झालं की तिथेच एखाद्या कोपऱ्यात बसवावं. वसंतात बाहेर जायला वाट मात्र मोकळी हवी.

मग ते इतक्या लवकर उठतं कशासाठी?

मार्चमध्ये त्याला थोडा मकरंद मिळतो, विलोच्या तुऱ्यांवर, डँडेलियनवर, प्रिमरोझवर. पण उठण्यामागचं मोठं काम वेगळं आहे : जोडीदार शोधणं आणि अंडी घालणं. ब्रिमस्टोनची अळी बकथॉर्न आणि आल्डर बकथॉर्न या दोनच झुडपांवर वाढते. नर कुंपणांच्या कडेने मैलोन्‌मैल फिरतो तो मादीच्या शोधात. पुढे मादी एक एक करून या झुडपांच्या उमलत्या कळ्यांवर आणि कोवळ्या पानांच्या मागे अंडी घालते. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या त्या फुलपाखराचं सगळं वेळापत्रक अजून न फुटलेल्या एका पानाभोवती बांधलेलं होतं. बकथॉर्न जिथे उरला नाही तिथून ब्रिमस्टोनही जातं, मग बागेत फुलं कितीही असोत.

यंदा जन्मलेलं पहिलं फुलपाखरू पाहायचं असेल, तर मुलीला एप्रिलपर्यंत थांबावं लागेल. तेव्हा ऑरेंज टिप आणि होली ब्लू यांच्यासारख्या जाती कोषातून बाहेर येतात. पंखांची टोकं नारिंगी असलेला ऑरेंज टिपचा नर ओळखायला अगदी सोपा.

पहिल्या दर्शनाची नोंद कशाला?

इंग्लंडमध्ये ही परंपरा जुनी आहे. नॉर्फक परगण्यातले जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून वसंताच्या खुणा तारखेनिशी टिपायला सुरुवात केली. पहिला कोकीळ, ओकची पहिली पालवी, बेडकांचं पहिलं ओरडणं अशा २७ खुणांच्या त्यांच्या यादीत ‘पिवळं फुलपाखरू दिसलं’ हीसुद्धा एक होती. त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी ही नोंद १९५८ पर्यंत चालू ठेवली. ऋतू कसे सरकतात हे तपासायला आजचे शास्त्रज्ञ याच वह्या उघडतात.

पहिल्या दर्शनाला एक मर्यादाही आहे. पाहणारे डोळे वाढले की पहिली तारीख आपोआप अलीकडे येते. म्हणून ब्रिटनमध्ये १९७६ पासून एक शिस्तशीर मोजणी सुरू आहे. ठरलेल्या वाटेवरून १ एप्रिल ते सप्टेंबरअखेर दर आठवड्याला एकदा चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्याच टापूतली फुलपाखरं मोजायची. हवा १३ अंशांच्या खाली असेल तर मोजायचं नाही. हे काम करणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. अशा नोंदींवरून २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की तापमान एका अंशाने वाढलं तर तिथल्या बहुतेक जाती दोन ते दहा दिवस आधी दिसू लागतील. साध्या माणसांनी दर आठवड्याला चालून जमवलेल्या आकड्यांतून एवढा मोठा निष्कर्ष हाती येतो, याचं मला फार मोल वाटतं.

आपल्याकडे पहिलं कोणतं?

आपल्याकडे फुलपाखरांना अडवणारी गोष्ट थंडी नाही, कोरडेपणा आहे. नाशिकमध्ये जानेवारीतही फुलपाखरं दिसतात. हळदीकुंकू तर हिवाळ्यात हमखास भेटतं. त्याच्या पंखांची खालची बाजू पिवळी आणि कडेला लाल ठिपके, आणि त्याची अळी वाढते बांडगुळाच्या पानांवर. महाराष्ट्रातलं फुलपाखरांचं खरं वर्ष सुरू होतं ते आषाढात. पहिल्या सरींनंतर टाकळा उगवतो, गवत वर येतं, अळ्यांना कोवळा पाला मिळतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरपर्यंत संख्या वाढत जाते.

गंमत म्हणजे ब्रिमस्टोनसारखा दम धरणारे कीटक आपल्याकडेही आहेत, फक्त ते हिवाळ्याऐवजी कोरडा काळ काढतात. कॉमन इव्हिनिंग ब्राउन हे संधिप्रकाशात उडणारं फुलपाखरू पाहा. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांवर ठळक डोळे असतात; कोरड्या काळातल्या पिढीत ते जवळजवळ पुसले जातात आणि फुलपाखरू हुबेहूब वाळक्या पानासारखं दिसतं. जमिनीवर वाळका पाचोळा पडलेला असताना हाच वेष त्याला वाचवतो. या गटातल्या काही जातींच्या माद्या अंडी घालणंही पावसापर्यंत लांबवतात.

तरीही वसंताशी थेट जोडलेलं फुलपाखरू तुम्हाला हवं असेल, तर माझं उत्तर आहे टेल्ड जे. काळपट पंखांवर हिरवेगार ठिपके आणि मागे छोटी शेपटी. ते बसतं तेव्हाही त्याचे पंख थरथरत राहतात. सोसायट्यांच्या आवारात रांगेने लावलेला जो उंच, सरळसोट अशोक असतो, तो याच्या अळीचं आवडतं झाड. सीताफळ-रामफळाचा पालाही तिला चालतो. फाल्गुन-चैत्रात या अशोकाला तांबूस, लुसलुशीत पालवी लोंबू लागते आणि मादी त्याच पालवीवर अंडी घालते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास झाडाखाली पाच-दहा मिनिटं उभ्या राहा. फुलपाखरू पालवीभोवती घुटमळत असेल, क्षणभर पोट वाकवून पानाला टेकत असेल, तर ती मादी आहे. तिथे टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट पिवळसर, गोल अंडं सापडेल. त्यातून येणारी अळी आधी काळपट असते, मग हिरवी होते आणि साधारण महिनाभरात नवं फुलपाखरू उडतं. ब्रिमस्टोनपेक्षा इथे चित्र उलटं : हे खरोखर या वसंतातलं, या वसंताच्या पालवीवर वाढलेलं फुलपाखरू.

करंजाच्या नव्या पालवीवरही अशीच लगबग असते. कॉमन बँडेड ऑल या तपकिरी फुलपाखराच्या अळ्या कधी कधी झाडाची सगळी कोवळी पानं फस्त करतात. अशा वेळी लोक औषध फवारायला धावतात. माझी कळकळीची विनंती आहे, फवारू नका. करंज पुन्हा पालवतो. अळ्या मात्र गेल्या की त्या वर्षीची एक पिढीच जाते.

एक दुवा तर दोन्ही देशांना जोडतो. उर्वशी नावाचं नारिंगी फुलपाखरू तुम्ही नाशिकच्या माळरानावर पाहिलं असेल. तीच जात, इंग्रजीत पेंटेड लेडी, दर वर्षी दक्षिणेकडून पिढी दर पिढी सरकत वसंताच्या अखेरीस ब्रिटनला पोचते. तिथला हिवाळा तिला सोसत नाही, म्हणून शरद ऋतूत तिची संतती पुन्हा दक्षिणेकडे उडते.

तेव्हा तुम्ही आणि मुलीने यंदापासून एक वही करावी, असं सुचवतो. तारीख, वेळ, ठिकाण, ऊन होतं की ढग, फुलपाखरू कोणतं, आणि ते कोणत्या झाडाशी घुटमळत होतं, एवढं लिहिलं तरी पुरे. शेवटचा रकाना सहसा कुणी भरत नाही, पण मोलाचा तोच, कारण पिढी पुढे चालते ती त्या झाडावर. तिच्या अंगणात जागा असेल तर आल्डर बकथॉर्नचं एक रोप, तुमच्या कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू आणि आवारात कुठे सीताफळ, एवढी तयारी ठेवा. पानं कुरतडलेली दिसली तर समजा, काम सुरू झालं. पुढच्या वर्षी दोघींच्या तारखा आम्हाला जरूर कळवा. रेडिंग आणि नाशिक शेजारी शेजारी मांडून पाहायला आम्हाला फार आवडेल.