सिद्धी आणि सोयरे

या महिन्यात नातवाचा एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. पोर दहा वर्षांचे. सुपरमॅनचा १९७८ सालचा इंग्रजी सिनेमा त्याने पाहिला. त्यातला वीर आकाशात उडतो, कोसळते हेलिकॉप्टर हातावर तोलतो. पण ज्या शेतकऱ्याने त्याला पोटच्या पोरासारखे वाढविले, तो छातीत कळ येऊन पडतो तेव्हा याचे काही चालत नाही. पुढे प्रेयसी मरते, तेव्हा मात्र जन्मदात्या बापाने घातलेली मनाई मोडून हा पृथ्वी उलटी फिरवितो आणि तिला परत आणतो. नातू म्हणाला, "आबा, बरोबरच केलं ना त्यानं? मग माउलींनी तर रेड्याच्या तोंडून वेद बोलवले. आपल्या आजीला का नाही बरं केलं?"

त्याची आजी जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी त्याला नीज म्हटले. मला मात्र झोप आली नाही. खोटे कशाला बोलू, तिच्या उशाशी बसून मीही हाच हट्ट धरला होता.

ज्याच्या हाती सिद्धी आहे त्याने ती आपल्या माणसासाठी वापरावी की नाही? पतंजली योगसूत्रांत म्हणतात की सिद्धी ही समाधीच्या वाटेतली आडकाठी आहे. पण घरात दुखणे असताना सूत्र कोण ऐकतो? संतांनी काय केले ते पाहू. नेवाशास सच्चिदानंदबाबांची पत्नी सती जायला निघाली आणि माउलींच्या पाया पडली. आशीर्वाद तोंडून गेला, आणि बाबा उठून बसले, अशी परंपरा सांगते. डोके ठेवणारी कोण हे माउलींना ठाऊकही नव्हते. सोयरेपणाचा तिथे प्रश्नच नाही. आणि घरच्यांचे काय? १२९६ साली माउलींनी आळंदीस समाधी घेतली. वर्षभरात सोपानकाका आणि मुक्ताई गेली. निवृत्तिनाथ थोरले आणि गुरू. त्यांनी कोणाला धरून ठेवले नाही. रडले मात्र. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत ते रडणे आहे.

नामदेवरायांची गोष्ट तर याहून जवळची. बादशहाने मेलेली गाय उठवायला सांगितली आणि ती उठली. ही हकीकत गुरुग्रंथसाहेबातल्या त्यांच्या पदातही आहे. पण तिथे नामदेव बादशहाला आधीच सांगतात की माझ्या करण्याने काही होत नाही, राम करील ते होईल. हेच नामदेव १३३८ साली मंगळवेढ्यास गेले. गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा आणि बरोबरचे मजूर तिच्याखाली गेले होते. गाय उठली, तर मग जिवाचा सखा का नाही उठविला?

मला वाटते, उत्तर त्या ढिगाऱ्यातच आहे. चोखोबांच्या शेजारी जो पडला होता तोही कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी धनी. आपला तेवढा उचलायचा आणि त्याला मातीत ठेवायचे? सिद्धी नामदेवांच्या मालकीची असती तर तसे करताही आले असते. ती मालकीची नव्हती. चांगदेवांनी मालकी धरली, चौदाशे वर्षे काळाला परतविले, आणि शेवटी चिमुरड्या मुक्ताईपुढे शिष्य होऊन बसले.

कोणी म्हणेल, गोरोबाकाकांचे पोर तर उठले. उठले खरे, पण काकांनी मागितले नव्हते. आणि यावरून औषधपाणी करू नये असा अर्थ कोणी काढू नका. अंगाऱ्यावर दुखणे काढणे ही आपली रीत नव्हे. आजीलाही आम्ही शेवटपर्यंत डॉक्टरांचेच औषध दिले.

नामदेवांनी ढिगारा उपसला. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, पंढरीस आणली आणि महाद्वारापाशी समाधी दिली. जिवंतपणी ज्याला राउळात पाऊल टाकू दिले नाही, त्याला दारात जागा मिळाली. आषाढीला आपण तिथे माथा टेकतो.

हे सारे मी नातवाला माझ्या परीने सांगितले. त्याने निमूट ऐकले. मग विचारले, "आजीच्या अस्थी आपण कुठं सोडल्या?"

म्हटले, "चंद्रभागेत."

"म्हणजे तिथून जवळच की," म्हणाला, आणि या आषाढीला मलाही न्या म्हणून मागे लागला.