जुनी विजेची गाडी घेताना

बाजारात बैल घ्यायला गेलो, तर आपण काय करतो? दात बघतो. खुरं बघतो. चार पावलं चालवून बघतो. शिंगांना रंग झकास दिलाय, म्हणून कुणी बैल घेत नाही. जुनी मोटार घेण्याची रीतही हीच आहे. मोटार विजेची असली, तर आणखी थोडी पारख लागते. ती पारख आज शिकू या.

१. आधी हिशेब

समजा, एक घर आहे. नवरा, बायको आणि दोन मुलं. नवरा रोज तालुक्याच्या गावी कामाला जातो. जाऊन-येऊन ४० किलोमीटर पडतात. गाठीला साडेचार लाख रुपये आहेत. पोटाला चिमटा घेऊन साठवलेले.

नवरा म्हणतो, "अगं, जुनी विजेची गाडी घेऊ. पेट्रोलचा खर्च वाचेल."

बायको म्हणते, "अहो, किती वाचेल ते आधी मांडून दाखवा. या पैशात थोरलीच्या शिक्षणाचाही पैसा आहे."

बाईचं म्हणणं रास्त आहे. मांडून बघू.

महिन्याचे २५ दिवस धरले, तर १,००० किलोमीटर होतात. लहान विजेची गाडी एका युनिटात साधारण ८ किलोमीटर जाते. म्हणजे १२५ युनिट. भरताना थोडी वीज वाया जाते. म्हणून १४० युनिट धरा. युनिटला १२ रुपये धरले, तर १,६८० रुपये झाले.

पेट्रोलची मोटार लिटरला १६ किलोमीटर गेली, तर साडेबासष्ट लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०४ रुपये धरले, तर ६,५०० रुपये. महिन्याला ४,८२० रुपयांचा फरक पडला.

पण नवरा आज मोटारसायकलवर जात असेल तर? मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर जाते असं धरा. २० लिटर पेट्रोल, २,०८० रुपये. आता फरक फक्त ४०० रुपयांचा राहिला. तेव्हा नीट ध्यानात घ्या. मोटारसायकल सोडून गाडी घेतली, तर पैसा फारसा वाचत नाही. डोक्यावर छप्पर मिळतं, चौघांना बसायला जागा मिळते. त्यासाठी पैसे मोजायचे की नाही, ते घरात बसून ठरवा.

गाडी महिन्यातून दोनदाच निघणार असेल, तर ती घेऊच नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

२. गाडीचा जीव बॅटरीत

विजेच्या गाडीत इंजिन नसतं. इंजिन ऑईल बदलावं लागत नाही. मोटार आणि बॅटरी, हेच मुख्य. त्यातली बॅटरी सर्वांत महाग. ती बदलायची वेळ आली, तर खर्च लाखांत जातो.

बॅटरी वापरून वापरून थकते. उन्हाच्या तापानं थकते, वयानंही थकते. विहिरीत गाळ साचला की पाणी कमी मावतं ना? तसंच हे आहे.

एक उदाहरण घ्या. टाटा कंपनीची टियागो ही विजेची गाडी २०२२ साली बाजारात आली. तिच्यात दोन प्रकारच्या बॅटऱ्या होत्या. एकीत २४ युनिट वीज मावे, दुसरीत १९.२ युनिट. आता २४ युनिटांची बॅटरी थकून शंभरातली ८० टक्के उरली, तर किती झाले? १९.२ युनिट. म्हणजे पैसे मोठ्या बॅटरीचे मोजले आणि पदरात लहान बॅटरी पडली.

म्हणून कंपनीच्या अधिकृत केंद्रात गाडी न्या. तिथं यंत्र लावून बॅटरीची ताकद किती टक्के उरली ते सांगतात. तो आकडा कागदावर लिहून घ्या. विकणारा त्याला नाही म्हणत असेल, तर आपणही त्याला नाही म्हणावं.

३. चालवून बघा

कागदावरचं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर यांत फरक पडतो. टियागोच्या मोठ्या बॅटरीला कंपनीनं ३१५ किलोमीटर सांगितले होते. रस्त्यावर ती एका भरण्यात दोनशेच्या आसपास जाते.

तुम्ही स्वतः मोजा. बॅटरी पूर्ण भरून घ्या. घरची चार माणसं बसवा. ३० किलोमीटर फिरून या. समजा, १०० वरून काटा ८५ वर आला. १५ टक्क्यांत ३० किलोमीटर, म्हणजे १ टक्क्यात २ किलोमीटर. शंभरात २००. अडीअडचणीला २० टक्के राखून ठेवा. मग हाती १६० राहिले. रोजचे ४० किलोमीटर त्यात आरामात बसतात.

टायरही बघा. बॅटरीमुळं गाडी जड असते, टायर लवकर झिजतात. गालिचा उचलून खाली चिखल किंवा गंज आहे का बघा. २०१९ साली सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ साली चिपळूणला महापूर आला. कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाण्यात बुडालेली विजेची गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

४. कागद वाचा

आता वाचता येतं, त्याचा उपयोग इथं करा.

हमी: टाटाची नेक्सॉन ही विजेची गाडी २०२० सालच्या जानेवारीत आली. तिच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तोवर हमी होती. २०२० च्या जानेवारीत घेतलेल्या गाडीची हमी फार तर २०२८ च्या जानेवारीपर्यंत. तुमच्या गाडीची किती उरली, आणि दुसऱ्या मालकाला ती मिळते का, हे कंपनीच्या केंद्रातून लेखी घ्या.

बॅटरी कुणाची: एम.जी. कंपनीनं २०२४ साली बॅटरी भाड्यानं देण्याची योजना आणली. तशी गाडी असेल, तर भाडं पुढं कोण भरणार? शेत विकत घेतलं आणि विहीर दुसऱ्याची निघाली, असं होऊ नये.

आरसी: सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो, तसा आरसीवर बँकेचा बोजा असतो. बँकेचा ना हरकत दाखला मिळाल्यावाचून पैसे देऊ नका.

पाटी: घरगुती विजेच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पांढरी. अक्षरं पिवळी असली, तर गाडी भाड्यानं चाललेली आहे. ती किती किलोमीटर चालली, ते जास्त बारकाईनं बघा.

नाव बदलणं: नमुना २९ आणि ३० वर सह्या होतात. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या.

५. घरची वीज

घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर बॅटरी रात्रभरात भरते. त्यासाठी मीटरपासून वेगळी जाड तार ओढून घ्या. अर्थिंग चांगलं करून घ्या. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवा. लांब जोडवायर वापरू नका. ती तापते आणि आग लागते. घराचा मंजूर भार पुरेसा आहे का, ते महावितरणच्या कचेरीत विचारा. युनिट वाढले की दरही चढतो, हे हिशेबात धरा. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. ती वीज शेतीसाठी आहे.

त्या नवरा-बायकोंनी काय करावं? साडेचार लाख सगळेच गाडीत घालू नयेत. तारेसाठी, विम्यासाठी, टायरसाठी काही रक्कम बाजूला काढावी. थोरलीच्या शिक्षणाचा पैसा त्याच्याही आधी बाजूला ठेवावा. उरलेल्यात जी गाडी बसेल ती बघावी. बसत नसेल, तर वर्षभर थांबावं. थांबण्यात कमीपणा नाही.

अभ्यास

१. तुमच्या घरी महिन्याला किती किलोमीटर प्रवास होतो? वहीत लिहा.
२. २० किलोमीटरला बॅटरी १२ टक्के उतरली. पूर्ण बॅटरीत गाडी किती जाईल?
३. गाडी घेण्याआधी कोणते कागद बघाल? यादी करा आणि घरात वाचून दाखवा.