खेळाडू नसलेले खेळाचे चित्र

खेळाचे चित्र काढा म्हटले की आपण पळणारा मुलगा काढतो. १९७२ साली जर्मनीतील म्युनिक शहरात ऑलिंपिक सामने झाले. तेव्हा निरनिराळ्या देशांच्या चित्रकारांकडून जाहिरातीची मोठी चित्रे करून घेतली होती. त्यातल्या एका चित्रात खेळाडूच नाही. चेंडू नाही, मैदान पण नाही. नुसते मोठे काळे आकार अन् मधात मोकळी जागा. अशा चित्राला अमूर्त चित्र म्हणतात.

हे चित्र स्पेन देशाच्या एदुआर्दो चिलिदा यांचे आहे. ते मोठे शिल्पकार होते. पण त्याच्या आधी ते फुटबॉलचे गोलरक्षक होते! गुडघा दुखावला अन् खेळ सुटला. मला वाटते, म्हणूनच त्यांना मोकळी जागा चांगली काढता आली. गोलरक्षकाला चेंडू दिसतोच, पण कुठली जागा उघडी पडली तेही सारखे पाहावे लागते. कबड्डीत मी कोपऱ्यावर असतो, मला हे माहीत आहे.

चित्र शिळाछाप आहे. शिळा म्हणजे दगड. इंग्रजीत त्याला लिथोग्राफ म्हणतात. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. दगडावर औषध लावून मग तो पाण्याने ओला करतात. तेलकट रेघेवर पाणी थांबत नाही. नंतर तेलकट शाईचा रूळ फिरवतात. ओल्या जागी शाई बसत नाही, रेघेवरच बसते. वरून कागद दाबला की चित्र उमटते, पण डावे ते उजवे होऊन! म्हणून दगडावर अक्षरे उलटी लिहावी लागतात. ही युक्ती १७९६ च्या सुमारास आलॉइस झेनेफेल्डर यांनी म्युनिकमध्येच शोधली. आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईला असाच छापखाना काढला. त्यातून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी गेल्या.

तेल-पाण्याचे वैर तुम्हीही पाहू शकता. कागदावर मेणबत्तीने रेघा मारा अन् वरून निळीचे पाणी फिरवा. रेघा कोऱ्याच राहतात. (नीळ आईला विचारून घ्या.)

अमूर्त चित्र म्हणजे परदेशी थेर, असे काही जण म्हणतात. पण वासुदेव गायतोंडे आपल्या नागपुरातच जन्मले, १९२४ साली. चिलिदांचा जन्मही त्याच वर्षीचा. गायतोंडे यांची अमूर्त चित्रे जगभर नावाजली गेली.

आता आमचा वाद. केंद्राच्या क्रीडास्पर्धेसाठी आमच्या वर्गाला एक चित्र द्यायचे आहे. मी कबड्डीची मधली रेघ अन् तिच्या पलीकडे सात ठिपके काढले. कोपऱ्यातला एक ठिपका जरा पुढे आहे. बाबा म्हणाले, "यात मानूसच नाही, काय समजन लोकायले?" माय म्हणाली, "तो पुढचा आता धरते पाय." वर्गात पण असेच दोन तट पडले आहेत. दुसऱ्या तटाचे चित्र चांगले आहे, त्यात सातही खेळाडू चड्डी-बनियनसकट आहेत.

दोन्ही चित्रे खाली लावली आहेत. डब्यात चिठ्ठी टाका. पालकांनी पण टाकावी. मोजणी सोमवारी मधल्या सुट्टीत आहे.