मागून मिळालेले शहाणपण

नव्या करारातील याकोबाचे पत्र अवघ्या पाच अध्यायांचे आहे. ज्याला शहाणपण उणे असेल त्याने ते देवापाशी मागावे, असे पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. पण ते मिळाले हे ओळखावे कसे? याकोब त्याची खूण रोजच्या व्यवहारात दाखवतो. उपाशी माणसाला नुसत्या गोड शब्दांनी वाटेला लावणारा विश्वास तो निर्जीव मानतो. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी धन्याविरुद्ध ओरडते, असे तो पाचव्या अध्यायात बजावतो. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे चटकन उमजावे. अदत्त मजुरी ताळेबंदात देण्याच्या बाजूलाच मांडावी लागते. ती लपवून दाखवलेला नफा खोटा. रविवारच्या उपासनेत ऐकलेले वचन शनिवारी मजुरी चुकती करताना आठवले, तर ते शहाणपण अंगी लागले म्हणावे.