केरीच्या मुखावरील वारा : अंदाज कसा वाचावा

तेरेखोल नदी अरबी समुद्रास मिळते, तेथे उत्तर तीरावर टेकडीवरचा किल्ला आणि दक्षिण तीरावर पेडणे तालुक्यातील केरी हे गाव आहे. हवामान खात्याच्या पत्रकात जो वारा दिलेला असतो तो विस्तृत समुद्रपट्ट्याचा असतो. केरीच्या मुखावरचा नव्हे. हा फरक ध्यानात न घेतल्यास अंदाज खरा ठरूनही लहान होडी संकटात सापडू शकते.

पत्रकातील दिशा ही वारा जिकडून येतो ती दिशा होय. ‘वायव्य वारा’ म्हणजे वायव्येकडून येणारा. पुष्कळांची येथेच गल्लत होते. वेग नॉटमध्ये दिला असल्यास एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर असे धरावे. हा वेग सरासरीचा असतो. मधूनमधून येणारा झोत त्याहून बराच जोरदार असतो व होडी कलंडते ती बहुधा झोतानेच. शिवाय वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. १० नॉटचा वारा २० नॉटवर गेला, तर होडीवरील भार दुप्पट नव्हे, चौपट झाला असे समजावे.

मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत’ अशी भाषा वारंवार आढळते. २० नॉट म्हणजे ताशी अवघे ३७ किलोमीटर. एवढ्या वाऱ्याला असा इशारा निघेलच असे नाही. परंतु वल्ह्याच्या होडीला तोही भारी पडतो. इशारा नाही म्हणून समुद्र शांत आहे, असा अर्थ काढणे योग्य नव्हे.

आता स्थानिक वाऱ्याविषयी. पावसाळा सरल्यावर, विशेषतः डिसेंबर ते मे या काळात, किनाऱ्यावर दिवसातून दोनदा वारा पालटतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे पूर्वेकडून मतलई वारा वाहतो; नदीच्या खोऱ्यातून तो वाट काढीत येतो. सूर्य वर आला की जमीन तापते, तिच्यावरील हवा वर चढते व तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारा वारा येतो. तो साधारणपणे दुपारपूर्वी सुरू होऊन तिसऱ्या प्रहरी ऐन भरात असतो. गोव्याच्या किनाऱ्यावर त्याची दिशा बहुधा पश्चिम ते वायव्य असते. पत्रकातील वाराही वायव्येचाच असेल, तर दोहोंची भर पडते.

यात ओहोटीची गाठ पडली की मुखावर खरा धोका उद्भवतो. ओहोटीचे पाणी पश्चिमेस बाहेर धावते आणि वारा त्याच्या समोरून येतो; त्यामुळे लाटा आखूड व उभ्या होतात आणि उथळ जागी फुटतात. पहाटे निघताना आरशासारखे वाटलेले मुख परतीच्या वेळी ओळखू येत नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून कालची सुखरूप वेळ चार दिवसांनी तशीच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

वारा नसतानाही समुद्र खवळू शकतो, हेही ध्यानी ठेवावे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ गोव्यापासून दूर समुद्रातून गेले, तरी त्याच्या लाटांनी येथील अनेक किनाऱ्यांवरील शॅकमध्ये पाणी शिरले. यासाठी वाऱ्याच्या अंदाजासोबत हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ या केंद्रीय संस्थेचा लाटांचा अंदाजही पाहणे आवश्यक आहे.

किनाऱ्यावरील शाळांना या कामी बरेच करता येईल. उघड्या जागी काठीला कापडी पट्टी बांधून सकाळी शाळा भरताना व दुपारी सुटताना तिची दिशा पाहावी. ती, त्या दिवशीच्या पत्रकातील वारा आणि ओहोटीची वेळ अशी तीन टिपणे मुलांनी फळ्यावर लिहून वहीत उतरवावीत. एका हंगामाच्या नोंदींवरून पत्रकातील आकडा आपल्या मुखावर किती वाढवून वाचावा, याचा अदमास गावाला येऊ लागेल.